राईच्या भिंतीवरचा नितेश

९ जानेवारी

दिवसभर वाढदिवसच छापले. भाईंदरमध्ये जानेवारीत इतके दादा, भाऊ आणि साहेब जन्माला येतात हे मला या गाळ्यात नोकरीला लागल्यावर कळलं. प्रत्येकाला गॉगल, प्रत्येकाच्या कानाला फोन.

हसमुखभाईंनी दिवाळीनंतर घेतलेलं मोठं मशीन आता माझ्या हाताला बसलंय. नेहमीच्या चार शायांबरोबर त्यात फ्लोरोसंट गुलाबी आणि पिवळी आहे. भाईंच्या डोक्यात गरब्याचे पडदे आणि सेलचे बोर्ड होते. ते झालेच. पण फ्लो. पिंकचा खरा उपयोग मी शोधला. माणसाच्या कातडीत ती जराशी सोडायची. गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी. मग चेहरा असा दिसतो की बाई आत्ताच चहा पिऊन आलीय. डोळ्यांत आणि दातांत मात्र अजिबात सोडायची नाही, नाहीतर डोळे आल्यासारखं दिसतं. हा माझा नियम.

भाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "वीणाबेन चेहरे में जान डालती है." ऐकून फुगते मी. का फुगू नये?

एकच आवडत नाही. गुलाबी नीट बसली का ते बघायला मागच्या खोलीत, जिथं रोल ठेवतो, अल्ट्राव्हायोलेटची काळी ट्यूब लावलीय. तिच्या उजेडात फ्लेक्सचा पांढरा भाग निळसर दिसतो, बाकी सगळं काळं, आणि फक्त चेहरे पेटतात. मान नाही, शर्ट नाही, नुसते चेहरे. मी दार उघडं ठेवूनच तपासते.

१६ जानेवारी

राईहून दोघी आल्या. सासू मथुराबाई, मासळी विकतात. आणि सून सुगंधा. मथुरामावशींनी मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यांचा मुलगा, नितेश. हळदीतला फोटो, तोंडभर पिवळा, हसतोय.

"वाढदिवसाचा फलेक पायजे. मोठा. घराच्या भिंतीवर, खाडीकडच्या अंगाला लावाचा हाय."

मी नेहमीसारखं विचारलं, शुभेच्छुक कोण? त्या म्हणाल्या, "आय. एवरंच."

सुनेचं नाव टाकू का विचारलं तर सुगंधाच म्हणाली, "नको."

मग हळूहळू कळलं. गणपतीनंतर नितेश होडी घेऊन खाडीत गेला. होडी वरसावे पुलाजवळ मिळाली. जाळं होडीतच होतं. तो मिळाला नाही, अजूनपर्यंत नाही.

हसमुखभाईंनी ऐकलं आणि बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं विचारलं, "माजी, दिया रखें नीचे? हार?" श्रद्धांजलीचा साचा आमच्याकडे तयारच असतो.

मथुरामावशी त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "पोरी, हार न्हाय, दिवा न्हाय. माजा पोर मेला न्हाय."

१७ जानेवारी

अर्धा दिवस नितेशची हळद काढण्यात गेला. पिवळं काढलं की खालून माणूस राखाडी निघतो, कारण मोबाईलनं आधीच सगळं खाऊन टाकलेलं असतं. मग मी पिंक सोडली. एरवी सोडते त्याच्या दुप्पट. का ते मला सांगता येणार नाही. त्या म्हाताऱ्या बाईचा मला राग आला होता आणि कीवही.

छान आलाय. नुकताच आंघोळ करून आल्यासारखा.

१८ जानेवारी

मथुरामावशी फ्लेक्स न्यायला आल्या. टेबलावर पसरला तर त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले आणि मग त्याच्या गालावर ठेवले.  मी कटर आवरत बसले.

जाताना म्हणाल्या, "भावकी मागं लागलीय माज्या. दर्भाचा पुतला करून जालूया बोलतान, म्हंजे सुटल. मी सांगतलंय त्यांना. याच्या तोंडावर रंग हाय तवर माजा पोर जिता हाय. रंग गेला का करा काय करायचं ता. मी आडवी येनार न्हाय."

सुगंधा दारात चपला घालत होती. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि गेली.

मी सांगायला हवं होतं. फ्लोरोसंट उन्हात टिकत नाही. सगळ्या शायांमध्ये हीच आधी मरते. पश्चिमेची भिंत, समोर खाडी, सावलीचं नाव नाही. होळीपर्यंत सुद्धा टिकणार नाही ती.

भाईंना म्हटलं. ते म्हणाले, "अरे बेन, कस्टमर खुश है ना?"

२ फेब्रुवारी

झोप लागत नाही नीट. नवऱ्याला, मोहनला, सांगितलं तर म्हणाला, "तू छापलंस, त्यांनी लावलं. विषय संपला." याचे सगळे विषय असे पटापट संपतात.

५ फेब्रुवारी

राईला जाऊन आले. स्टेशनपासून रिक्षा. देवळाच्या पुढं नवीन टॉवरचे पत्रे लागलेत, त्यांच्या मागं जुनी घरं. फ्लेक्स लांबूनच दिसला.

गेलाय. अजून पूर्ण नाही, पण गाल बसलेत. पिंक निघून गेली की खालचा हिरवट राखाडी वर येतो. शर्ट जसाच्या तसा निळा आणि त्याच्या वर तो चेहरा. पाण्यात राहिलेल्या माणसाचा. हे लिहायला नको होतं.

मथुरामावशी बाजारात गेल्या होत्या. सुगंधा ओट्यावर भांडी घासत होती, भिंतीकडे तोंड करून. तिथंच नळ आहे. म्हणाली, "आय बोलतात, दमलाय जरा."

७ फेब्रुवारी

परत छापला. भाईंना सांगितलं, पहिल्यात छापताना आडवी लाईन आली होती, बदलून द्यायचाय. खोटं.

८ फेब्रुवारी

सकाळी गेले. घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय करतेस? म्हटलं, "कंपनीकडून. मेंटेनन्स." त्यांना पटलं. फ्लेक्सलाही मेंटेनन्स असतो हे आता त्या गावभर सांगतील.

जुना काढला, नवा बांधला. जुना आणून मागच्या खोलीत ठेवलाय. काळ्या ट्यूबखाली धरला, चेहरा काळा ठिक्कर. म्हणजे शाई मेलीय. तसंच व्हायला हवं. बरं वाटलं मला, मशीनचं काहीतरी नियमानं चाललंय म्हणून.

१३ फेब्रुवारी

मथुरामावशी गाळ्यावर आल्या, कागदात बांधलेले ओले बोंबील घेऊन. भाई शुद्ध शाकाहारी, नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन उभे राहिले.

"उजाललाय ग. बगतंस का येऊन? मधी उतरला व्हता. आता कुठंतरी जेवतंय पोटभर."

मी बोंबील घेतले. तळले, मोहननं चाटून-पुसून खाल्ले. मी मात्र एकही घेतला नाही. आणि तरी, आत कुठंतरी, मला आनंद झाला होता. त्या बाईच्या तोंडावर एवढा उजेड मी आणला होता.

१९ फेब्रुवारी

सुगंधा एकटी आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"ताई, तुम्ही बदललात ना फलेक?"

 मी कटर हातातून खाली ठेवला.

"मला त्याच दिवशी कळलं. शाईचा वास येत होता नवीन. आयना येत नाय, त्यांच्या नाकात मासळीच हाय."

मी म्हटलं, मावशींकडे बघवलं नाही गं. ती म्हणाली, "आणि माझ्याकडं?"

मग बोलली. एवढं बोलेल असं वाटलं नव्हतं. संक्रांतीला गल्लीत हळदीकुंकू होतं. एकीनं हिला कुंकू लावलं. दुसरीनं ताट मागं घेतलं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या आणि ही मध्ये उभी, वाण हातात. उत्तनला भाऊ राहतो, तो ये म्हणतो. सासू म्हणते, नवरा येईल तेव्हा तू घरात पाहिजेस.

"तो गेलाय ताई. मला माहीत हाय. मी रडून पण झालं, चोरून. आता त्याच्यासमोर बसून रोज भांडी घासते आणि तो हसतो. उडू दे त्याचा रंग. तुम्ही नका परत हात लावू."

शब्द दिला तिला.

मला कधीच वाटलं नव्हतं की एका बाईला दिलेला रंग दुसरीच्या अंगावर येईल. वाटायला हवं होतं. लाज वाटली, अजून वाटतेय.

२५ फेब्रुवारी

ऊन मरणाचं तापतंय. गाळ्याचा पत्रा कडकडतो. दर दुपारी मनात येतं, आता उडत असेल.

३ मार्च

सुगंधाचा फोन. "ताई, परत बदललात?"

नाही म्हटलं. शपथ घेतली. ती म्हणाली, "मग येऊन बघा."

४ मार्च

जाऊन आले.

उडालेला नाही. आठ तारखेला लावला तेव्हा होता त्याहून ताजा आहे. निळा शर्ट फिका पडलाय. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" मधला लाल विटून विटकरी झालाय. चेहरा तेवढा... गाल, कान, नाकाचा शेंडा, जिथं जिथं मी सोडली होती तिथं सगळीकडे.

पर्समध्ये काळ्या उजेडाची छोटी बॅटरी होती, बाहेरचं काम तपासायला ठेवते ती. ओढणी डोक्यावरून घेतली, फ्लेक्सला टेकवली, आत अंधार केला आणि लावली.

पेटला. आणि डोळेही पेटले. दोन्ही. डोळ्यांत मी पिंक सोडत नाही. कधीच नाही.

ओढणी काढली तेव्हा मागं मथुरामावशी टोपली घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बोललास का त्याच्याशी? बोल. त्याला आवडता."

५ मार्च

आल्या आल्या फाईल उघडली. पिंकचा थर वेगळा काढून बघितला. डोळ्यांच्या जागी कोरा.

भाई म्हणाले, बॅच अलग होगा. म्हणून त्याच बाटलीतली पट्टी छापून गच्चीवर उन्हात बांधून ठेवलीय. भाईंदरमध्ये दुसऱ्या कुणाकडे फ्लोरोसंटचं मशीन आहे का विचारलं. म्हणाले, "एक है, स्टेशन के उधर, छे महिने से बंद पड़ा है."

आणि असलं तरी, फाईल माझ्याकडेच आहे.

९ मार्च

पट्टी उडायला लागली. व्यवस्थित, नियमानं.

११ मार्च

सुगंधाचा फोन. आय बोलतात, नितेशची दाढी वाढलीय. मी समजावलं की बाकीचे रंग फिके झाले की हनुवटीखालची काळी सावली उठून दिसते, तसं होतं. खरंच होतं. मी पाहिलंय.

ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "आय बोलतात, मेलेल्या माणसाची दाढी वाढत नाय."

मी यापुढं काही समजावायच्या भानगडीत पडले नाही.

१५ मार्च

होळी झाली. नितेशच्या चुलतभावाचा भाईंना फोन, त्यांनी तो मला दिला. भावकी बसली होती. अमावास्येच्या आधी पुतळा जाळायचा ठरवलंय. श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे, हार, दिवा, सगळं घालून. फोटो तोच.

"आणि मावशी तयार आहेत?" मी विचारलं.

"काकी बोलते, त्या छापणाऱ्या पोरीनं येऊन सांगितलं तर ऐकेन. तिनं त्याला बनवलाय, तिला माहीत असेल, असं बोलते. आता तुम्हीच बघा ताई, तुम्ही या एकदा."

म्हणजे माझ्यावर आलं. गावात शंभर माणसं, आणि सांगायचं मी. चिडले, फोन ठेवल्यावर जरा रडले पण.

१६ मार्च

श्रद्धांजलीचा छापला. फ्लो. पिंक पूर्ण बंद करून, मशीनमधूनच. खाली दिवा, कडेनं झेंडू. चेहरा मातीचा, जसा अशा फ्लेक्सवर असतो तसा. मागच्या खोलीत नेला. दार उघडं ठेवून ट्यूब लावली. सगळं काळं. नितेश कुठंच नाही.

तिथंच स्टुलावर बसले थोडा वेळ. सुटल्यासारखं वाटलं.

१७ मार्च

गेले राईला. हे नीट लिहून ठेवायचंय.

ऊन उतरत होतं. भरती होती, भिंतीच्या खालपर्यंत खाडीचा वास. मथुरामावशी ओट्यावर बसल्या होत्या, सुगंधा नळावर. चुलतभाऊ जरा लांब, मोटारसायकलवर.

मी मावशींच्या शेजारी बसले. हात हातात घेतला. घरून पाठ करून गेले होते काय बोलायचं. शाई कशी असते, ऊन कसं असतं, मी मध्ये फ्लेक्स बदलला तेही. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बदललास तर बदललास. देवलातल्या आयला नवीन लुगडं आनतोच ना आपून. आता मुद्द्याचा बोल."

मी म्हटलं, "मावशी, तो..."

"मला नको सांगू. त्याच्या तोंडावर सांग."

उठून फ्लेक्सपुढं उभी राहिले. एवढ्या जवळून उभं राहिलं की चेहरा दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. मला ते माहीत आहे, रोजचं काम आहे माझं. पण ठिपके दिसेनात. कातडी दिसत होती.

सुगंधानं नळ बंद केला.

मी बोलले. "नितेश गेला."  सुगंधाकडे बघून बोलले असते तर सोपं गेलं असतं. मला तिला सुटलेलं बघायचं होतं, म्हणूनच बोलले मी, तो गेलाय हे मला कळलंय म्हणून नाही.

मागून मथुरामावशी उठल्या. मला वाटलं, आता त्या हंबरडा फोडतील. त्या आल्या, माझ्या खांद्यावरून हात पुढं करून त्याच्या गालावर ठेवला आणि हळूच, घरातल्या घरात बोलावं तशा बोलल्या.

"आयकलास ना रं? तुला गेला बोलतान. आता तरी ये घरी."

मग वळून चुलतभावाला म्हणाल्या, "करा. मी आडवी येनार न्हाय."



१८ मार्च

परवाचा दिवस धरलाय. भटजी ठरले. सुगंधाचा भाऊ उत्तनहून येणार, कार्य झालं की तिला घेऊन जाणार. तिचा मेसेज आला, नुसतं "ताई". बाकी काही नाही. श्रद्धांजलीचा रोल इथंच पडलाय, न्यायला कुणी आलं नाही.

१९ मार्च

सकाळी कामावर निघत होते तेव्हा सुगंधाचा फोन. आवाज एकदम खाली.

"ताई, रंग गेला."

मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, अगं जाणारच होता, उशीर लागला एवढंच. आता भावकीला दाखव, कुणाला बोलायला जागा नाही.

"तसा नाय ताई. फिका नाय झाला. चेहराच नाय. शर्ट हाय, अक्षरं हायत, आयचं नाव हाय. मध्ये पांढरं. कोरं. रात्री होता, मी बघितलेला झोपताना."

मोहन दारात चावी घेऊन उभा होता, चल चल करत. मी त्याला हातानं थांबवलं.

मावशी कुठं आहेत विचारलं.

"घरात. पहाटेच उठल्या, फलेक बघितला, काय बोलल्या नाहीत. अंघोळ केली. त्याचे कपडे काढून ठेवले खुर्चीवर. भात, कालवण, ताट वाढून बसल्यात. बोलतात, भिंतीवरून निघालाय, येतंय."

 मागं भांड्याचा आवाज आला, आणि मथुरामावशींचा, कुणाला तरी हळू हळू काहीतरी सांगत असल्यासारखा. मी विचारलं, कोण आहे गं तिथं, भाऊ आला का तुझा?

"नाय. तो उद्या येनार."

थोड्या वेळानं म्हणाली, "खाडीकडचं दार उघडंच ठेवलंय त्यांनी. ताई, मी लावू का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. दार लाव म्हटलं तर तिच्या हातानं तिच्या नवऱ्याला बाहेर ठेवायचं. नको म्हटलं तर मीच परवा जे त्याच्या तोंडावर बोलले ते खोटं. फोन कानाला धरून मी जेसल पार्कच्या आमच्या जिन्यात उभी होते आणि ती वाट बघत होती, श्वास ऐकू येत होता तिचा.